व्यसन सोडायचंय, डॉक्टर फोनवर: कागद किती लागतात?

गेल्या आठवड्यात जत तालुक्यातल्या आमच्या सेवा केंद्रावर एक मावशी मुलाला घेऊन आल्या. हातात नायलॉनची पिशवी. आत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, फोटोंचं पाकीट, वर शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा. "पोराच्या नशेच्या गोळ्या सोडवायच्यात, ऑनलाइन फॉर्म भरून द्या," म्हणाल्या. त्या पिशवीतला एकही कागद लागला नाही. लागला तो मोबाईल, आणि शेजारी मान खाली घालून बसलेला तो पोरगा.

व्यसनाच्या उपचाराला मंजुरीसाठी पाठवायचा अर्ज असा नसतोच. उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक त्रास मानसिक आजारातच धरलेत. म्हणजे मधुमेहाचा रुग्ण जसा केसपेपर काढतो, तसाच हा.

नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ लावा. हे टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. १४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. १९३३ मात्र वेगळा, तो अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोचा. गावात माल कोण विकतो याची खबर द्यायची असेल तर तो. हे तीन नंबर लोक हमखास एकमेकांत मिसळतात.

डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी हवी असेल तर ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन ओपीडी. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी आला की रुग्णाचं नाव, वय, पत्ता भरायचा, राज्य आणि ओपीडी निवडायची, टोकन येतं. नंबर लागला की व्हिडिओवर डॉक्टर. जुने रिपोर्ट असतील तर फोटो काढून जोडा, नसले तरी अडत नाही. शेवटी चिठ्ठी डाउनलोड होते. तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे मेडिकलमध्ये जाण्याआधी बघून घ्या. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (जुनं उपकेंद्र म्हणा) सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) भेटावं. त्या त्यांच्याकडच्या यंत्रणेवरून मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. जतहून मिरजेला जाऊन यायचं म्हणजे एसटीने अख्खा दिवस मोडतो आणि रोजगार बुडतो, तो वाचतो.

आभा कार्ड (आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल ओळखपत्र) काढावंच लागतं का, हा रोजचा प्रश्न. नाही. ते ऐच्छिक आहे. काढायचंच असेल तर आधार किंवा वाहन परवान्यावर निघतं, चौदा आकडी क्रमांक मिळतो आणि तुमच्या संमतीशिवाय त्यातली नोंद दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाही.

आता पात्रता. रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर सोबत मोठं माणूस हवंच, आणि त्या मोठ्या माणसाची ओळखही डॉक्टर तपासतात. सज्ञान असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. त्याने स्वतः कॉल लावला तर तीच संमती धरतात. दुसऱ्याने लावला तर रुग्णाने तोंडी किंवा मेसेजवर "हो" म्हणायला हवं. नातेवाईक त्याच्या वतीने बोलणार असेल तर अधिकारपत्र किंवा नातं दाखवणारा कागद डॉक्टर मागू शकतात. बायकोने नवऱ्याच्या नावाने गुपचूप टोकन काढून गोळ्या लिहून घ्यायच्या आणि वरणात कालवून द्यायच्या, हे होत नाही. बरंच आहे ते. तिला स्वतःला काय करावं सुचत नसेल तर १४४१६ तिच्यासाठीही आहेच.

पोलिसांची भीती मोठी असते. कुपवाड, विट्याकडच्या मेफेड्रॉनच्या (एमडी ड्रग्जच्या) बातम्यांनंतर तर फारच. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शिवाय अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ असं सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला ते लागू नाही.

फोनवर काय होत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली पदार्थ कायद्याच्या यादीतली औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. ब्राउन शुगरवाल्यांना ती सोडवण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात, ते त्यामुळे प्रत्यक्ष केंद्रावर जाऊनच. आणि रोज दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याने एकदम बंद केलं की पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. अशा वेळी टोकनची वाट बघत बसायचं नसतं, १०८ लावायचा.

मावशींच्या पोराचंच झालं. ओटीपी टाकताना त्याची बोटं इतकी थरथरत होती की दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मी टाकला. व्हिडिओवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची गोळी कधी घेतलीस?" "परवा." डॉक्टर म्हणाले, फोनवर नाही, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. मावशींना वाटलं फॉर्म नामंजूर झाला. त्यांना समजवायला मला कॉलपेक्षा जास्त वेळ लागला.

भरती करायची वेळ आली तर दोन गोष्टी. खासगी केंद्र असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारा; बांधून, मारून सुधारणाऱ्या जागा आपल्याकडे अजूनही आहेत. आणि माणूस ताळ्यावर असतानाच त्याच्याकडून नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून घ्या. साधा कोरा कागद पुरतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. माझ्या वतीने अमुक व्यक्ती निर्णयाला मदत करेल, एवढा मजकूर, त्याची सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती. पुढे तो स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसला तर भरतीचा अर्ज हाच प्रतिनिधी करतो. तेव्हाही एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळं तपासून सांगावं लागतं, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त तीस दिवस.

फोनचा खरा उपयोग घरी परतल्यावर सुरू होतो. प्रत्यक्ष तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना फोनवर दाखवलं तर तो फेरतपासणीचा सल्ला धरतात, आणि पहिल्या वेळी फोनवर देता न येणारी काही औषधं तेव्हा चालू ठेवता येतात. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि तारखा कॅलेंडरवर लिहा. कॉलच्या वेळी रेंज असेल तिथे, म्हणजे आमच्याकडे बहुतेक माळवदावर, आणि शक्यतो एकट्याने बसा. खाली सासू-सासरे ऐकत असताना कुणी खरं सांगत नाही.