खांदा आखडला? आधी पाठीकडे बघा

खुर्चीत पोक काढून बसा आणि एक हात समोरून वर न्या. कानापाशी पोचायच्या आतच तो अडेल. आता पाठ ताठ करून पुन्हा न्या. हात तोच, खांदाही तोच, तरी या वेळी तो सहज वर जातो.

खांदा हा उखळीचा सांधा. पण ही उखळ अगदीच उथळ. ती असते खांद्याच्या पात्यावर, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी चपट्या हाडावर. हे पातं धडाशी हाडाने जोडलेलं आहे ते फक्त कॉलरबोनमार्फत. बाकी सगळा भरवसा स्नायूंवर. हात १८० अंश वर जातो, तेव्हा साधारण १२० अंश उखळीतून मिळतात आणि ६० अंश पातं बरगड्यांवरून सरकल्यामुळे. हे २:१ प्रमाण अमेरिकी अस्थिशल्यविशारद इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलं. माणसागणिक ते थोडं बदलतं. पोक काढलं की बरगड्यांचा पिंजरा वाकतो, पातं पुढे कलतं आणि त्याच्या वाट्याचे अंश हरवतात.

म्हणून नुसता खांदा गरागरा फिरवून फारसं हाती लागत नाही. सुरुवात मार्जारासनाने, म्हणजे हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली वाकवून करावी, मात्र वाक कमरेतून नव्हे, पात्यांच्या मधून यायला हवा. मग त्याच स्थितीत एक हात दुसऱ्याच्या खालून, सुईत दोरा ओवावा तसा पलीकडे सरकवायचा. छातीमागचे मणके पिळले जातात.

माझा आवडता व्यायाम भिंतीचा, कारण तो लबाडी लगेच पकडतो. भिंतीला पाठ टेकून उभं राहा, पावलं वीतभर पुढे. कोपरं काटकोनात वाकवून हात भिंतीलगत हळूहळू वर सरकवा. कंबर भिंतीपासून सुटू लागली, की समजा पाठीचं काम कमरेने उचललं. तिथेच थांबा, खाली या. आठ-दहा वेळा पुरे.

पात्यांना ताकदही लागते. दंड-बैठकांतल्या दंडाच्या स्थितीत, हवं तर गुडघे टेकून, कोपरं न वाकवता छाती पात्यांच्या मधे खाली सोडायची आणि जमीन ढकलून वर न्यायची. हालचाल जेमतेम दोन-तीन बोटांची. घाम मात्र बरोबर फुटतो.

पहिल्या काही आठवड्यांत जाणवणारी लवचीकता बहुतांशी स्नायू लांबल्यामुळे नसते. ताण सोसायची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. चार दिवस खंड पडला की आखडल्यासारखं वाटतं, ते बरंचसं त्यामुळेच. ताण जाणवला तर चालेल. कळ आली, हाताला मुंग्या आल्या किंवा रात्री खांदा ठणकू लागला, तर व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.