सोलापुरात कसली बे थंडी?

मे महिन्यात 43-44 अंश सोसणाऱ्या गावात थंडीवर लेख लिहितोय म्हटल्यावर लोक हसणारच. मीपण हसलो असतो, पण मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधीची गोष्ट आहे, आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं आणि आप्पा (वय 78, वजन जेमतेम 48 किलो) पाइप धरून तासभर बोळात उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, अंगात नुसता बनियन. आत आले, खुर्चीत बसले आणि बोलायला लागले ते एकदम जड, ओढत ओढत, प्यायल्यासारखं. आईला वाटलं झोप झाली नाही.

मी कपाळाला हात लावला, गार. थर्मामीटर लावला तर पारा हलेचना, झटकून परत लावला, तरी तिथंच. म्हटलं बिघडला. नंतर डॉक्टर म्हणाले की थर्मामीटर ठीक होता, घरातल्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी सुरूच होते 94-95 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 35 अंश सेल्सिअसला, ताप मोजायलाच केलेला तो, आणि शरीर त्याच्या खाली गेलं तर तो बिचारा काय दाखवणार? 35 च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याला बर्फ लागत नाही, ओलं अंग, वारा आणि म्हातारं शरीर एवढं पुरतं.

गंमत म्हणजे आप्पा कापत नव्हते. आम्हाला तेच बरं लक्षण वाटलं, आणि तिथंच चुकलो. आतलं 37 अंश टिकवायला शरीराकडं मुख्य दोन युक्त्या असतात, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत ओढायचं आणि स्नायू थरथरवून उष्णता तयार करायची. वय झालं की वाहिन्या उशिरा आवळतात, स्नायू झिजलेले असतात म्हणून थरथर कमी, कातडीखालची चरबीपण कमी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे थंडी जाणवायचीच कमी होते. त्यामुळं "मला कुठं थंडी वाजतीय" हे म्हाताऱ्या माणसाचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. शुगर, थायरॉइड कमी असणं, झोपेच्या गोळ्या, यानं अजून भर पडते. हात-पाय तर कुणाचेही गार पडतात, कपड्याच्या आत पोटाला हात लावून बघा, पोट गार लागलं तर गडबड आहे.

आणि आपली थंडी फसवी. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडून देते, दुपारी 30 अंश आणि पहाटे 14-15, कधी त्याच्याही खाली. दुपारी काढलेला स्वेटर संध्याकाळी परत घालायचं लक्षातच राहत नाही. त्यात पाणी हवेपेक्षा वीसेक पटीनं जास्त वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, म्हणून ओले पाय हा साधा विषय नाही.

थंडीत वाहिन्या आवळल्या की बीपी चढतं, हृदयाला जोर लावावा लागतो. आतल्या बाजूला रक्त जमा झालं की शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, मग लघवी जास्त होते, आणि सारखं उठायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणंच सोडतात! तहान आधीच कमी लागत असते. दिवसा पाजा, झोपायच्या आधी कमी करा, आणि रात्री उठायच्या वाटेवर एक लाइट चालू ठेवा, कारण आखडलेल्या गुडघ्यांनी अंधारात पडलं की खुबा गेलाच.

आपल्या सोलापुरी चादरीबद्दल जरा कौतुकानं सांगतो, ऊब चादर तयार करत नाही, धाग्यांत आणि थरांत अडकलेली हवा अंगाची उष्णता धरून ठेवते. म्हणून एका जाड पांघरुणाऐवजी दोन चादरी एकावर एक घेतल्या तरी मस्त काम होतं. फक्त सुती ओली झाली की हवा जाते आणि ऊबही.

शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, माणूस झोपेतच जातो. खिडकी नसलेल्या बाथरूममधला गॅस गिझर त्याच जातीचा. शुगरवाल्यांच्या पायाला गरम पाण्याची पिशवीही नको, चटका कळतच नाही.

बाजरी गरम की ज्वारी थंड यात मी पडत नाही, रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठणाऱ्या माणसाच्या भट्टीत जळणच कमी, हा खरा प्रॉब्लेम. दोन घोट दारूनं ऊब येते म्हणणाऱ्या काकांना सांगा की वाहिन्या सैल होऊन उष्णता बाहेर चाललीय, ती कातडीला लागतीय म्हणून गरम वाटतंय. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा.

आप्पांचं काय केलं? ओले कपडे काढले, छाती-पोट आधी गुंडाळलं, नीट गिळता येतंय बघून गोड चहा पाजला. आई हात-पाय चोळायला निघाली होती, पण ते करायचं नसतं, कडकडीत पाण्याची आंघोळही नाही, कारण हातापायातलं गार रक्त एकदम हृदयाकडं येतं. गुंगी वाढली असती तर 108 ला फोनच लावायचा होता. तासाभरानं पहिलं धड वाक्य आलं, "मोटार बंद केली का रे?"