हत्ती पास झाला, डॉक्टर कोसळला

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीवरच्या ईड्स पुलाची हत्तीची गोष्ट फार सांगितली जाते. कच्च्या पुलावर हत्ती पाय ठेवत नाही, अशी तेव्हा लोकांची समजूत. म्हणून १८७४ च्या जूनमध्ये एक हत्ती पुलावरून चालवला, तो बिनधास्त पलीकडे गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूल बांधणाऱ्या जेम्स ईड्सने मात्र पुढे पुलावर १४ रेल्वे इंजिनं चढवून पाहिली. परीक्षा म्हणतात ती ही!

आज तिथल्या पदपथावरून नदी आणि गेटवे आर्च ही शहरातली उंच कमान छान दिसतात, खालच्या मजल्यावरून मेट्रो धावते. पोलादी कमानींचे फोटो सगळेच काढतात. मला मात्र त्या पुलाचे पाय जास्त आवडतात.

पुरात मिसिसिपीच्या तळाची वाळू खोलवर वाहून जाते. ईड्सला हे पक्कं ठाऊक होतं, कारण बुडालेल्या बोटींतला माल काढायला तो स्वतः नदीच्या तळाशी उतरलेला. त्यामुळे खांब थेट खडकावरच, हा त्याचा हट्ट. त्यासाठी बिनबुडाची प्रचंड पेटी, म्हणजे कॅसन, तळाशी टेकवायची, आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर रोखायचं आणि माणसांनी आत वाळू उपसायची. उपसा होईल तशी पेटी खाली सरकते.

आता दाबाचं गणित. दर १० मीटर पाण्याला साधारण एक वातावरण, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. ९५ फुटांवर, म्हणजे सुमारे २९ मीटरवर, एकूण दाब जवळजवळ चौपट. हेन्रीचा नियम सांगतो, की द्रवात वायू दाबाच्या प्रमाणात विरघळतो. म्हणजे तिथे पुरेसा वेळ काम केलं, तर रक्तात आणि ऊतींत नायट्रोजनही चौपटीकडे जातो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं, नायट्रोजनला मात्र फुप्फुसातूनच परत जावं लागतं. चरबीत तो पाण्याच्या कितीतरी पट जास्त मुरतो आणि तिथून सावकाश निघतो. दाब एकदम उतरवला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं: जागच्या जागी बुडबुडे. सांध्यांत झाले तर माणूस वाकडा होतो, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात.

कामगारांवर देखरेख करणारे डॉ. जॅमिने १८७० मध्ये ९५ फुटांवर पावणेतीन तास थांबले आणि साडेतीन मिनिटांत दाब उतरवून बाहेर आले. थोड्याच वेळात त्यांचे हातपाय लुळे पडले. नशीब, ते बरे झाले. डझनाहून अधिक कामगार मात्र दगावले. इलाज म्हणून मजूर जस्त आणि चांदीचे पट्टे मनगटाला, कमरेला बांधत; आपल्याकडे सांधेदुखीवर तांब्याची कडी विकतात, त्याच जातीचा माल. जॅमिनेंनी पाळ्या छोट्या करायला लावल्या, त्याचा उपयोग झाला. पण बाहेर येतानाची घाई तशीच राहिली. बुडबुड्यांचं कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेरने १८७८ मध्ये मांडलं. टप्प्याटप्प्याने दाब उतरवायची कोष्टकं ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनने १९०८ मध्ये दिली. तोवर पूल वापरात येऊन ३४ वर्षं झाली होती.