सुईचा इतिहास आणि कंबरदुखीचं संशोधन

सोलापुरात ॲक्युपंक्चरचा, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराचा, विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव ओघानं येतं. ते इथलेच, जन्म १० ऑक्टोबर १९१०. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. पण ते होते सर्जन. भारतात ही सुई रुजवली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. कोटणीसांच्या नावावर सुईचा गुण गृहीत धरणं मला पटत नाही.

गुण येतो की नाही, हा प्रश्न इथे पोटाशी जोडलेला आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास वाकून बसते. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा. मान-कंबर धरली तरी खाडा परवडत नाही. म्हणून गोळी, शेक, मालिश, सुई, जे कोणी सांगेल ते करून पाहिलं जातं आणि त्यात पदरचे पैसे जातात.

पाश्चात्त्य देशांत या सुईची चर्चा १९७१ मध्ये पेटली. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि नंतरच्या त्रासावर सुया टोचल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. वेदनेचं विज्ञानही त्याच सुमारास बदलत होतं. मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच कमी-जास्त होऊ शकतो, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला होता. १९७५ मध्ये शरीरातच तयार होणारी, अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. अमेरिकी सरकारनं १९९१ मध्ये ॲक्युपंक्चरसारख्या उपचारांच्या अभ्यासासाठी वेगळं कार्यालय मंजूर केलं. आज ती एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे.

खरी अडचण होती चाचणीची. गुण औषधाचा की नुसत्या विश्वासाचा, हे ताडायला औषधाची खोटी गोळी बनवता येते, खोटी सुई कशी बनवायची? १९९८ मध्ये एक युक्ती पुढे आली: बोथट टोकाची सुई, नाटकातल्या खंजिरासारखी. कातडीला लागताच ती दांडीत सरकते. रुग्णाला मात्र टोचल्यासारखंच वाटतं. काही चाचण्यांत दुसरा मार्ग निवडला. सुई खरीच, पण भलत्याच जागी आणि वरवर टोचलेली.

जर्मनीत २००७ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरच्या अशाच चाचणीचा निकाल आला. खऱ्या ॲक्युपंक्चरनं सुमारे ४८ टक्के रुग्णांना आराम पडला, खोट्यानं ४४ टक्के आणि औषधं-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारानं २७ टक्के. म्हणजे सुई घेणाऱ्यांना गुण आला, पण नेमका बिंदू कुठला यानं फारसा फरक पडला नाही. २०१२ मध्ये अनेक चाचण्यांतल्या जवळपास १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडक्यानंच. हा थोडका फरक सुई टोचणाऱ्यानं रुग्णाला आधी सांगायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन.

योगाचीही कथा जवळपास तशीच. २०११ मधल्या एका अमेरिकी चाचणीत कंबरदुखीला योगवर्गांनी आराम दिला, पण साध्या ताणाच्या व्यायामानंही तेवढाच दिला. २०१७ मध्ये अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेनं कंबरदुखीवर गोळ्यांआधी शेक, मालिश, व्यायाम, योग आणि ॲक्युपंक्चर यांचा विचार करावा, असं सुचवलं. भारत सरकारनं २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर यातलं काहीच करून पाहत बसू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ताकद किंवा लघवीची तक्रार असेल, तर त्याच दिवशी.