हंबनटोटा चिनी नौदलाचा तळ आहे का?
‘कर्ज फिटेना म्हणून श्रीलंकेने हंबनटोटा बंदर चीनच्या घशात घातलं, तिथे आता चिनी नौदलाचा तळ आहे’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. दोन्ही गोष्टी चूक.

२०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या सरकारी कंपनीने सुमारे ११२ कोटी डॉलर मोजून बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. त्यात कर्ज माफ झालं नाही, ते श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं! डॉलर गेले परकीय गंगाजळीत, कारण मोठा तगादा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचा होता.

आता तळ. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटात येणार होतं. कोलंबोने आधी ‘पुढे ढकला’ सांगितलं, मग भारताची नाराजी पत्करून परवानगी दिली. स्वतःच्या तळावर कुणी परवानगी मागत नाही.

चीनचा उघड, अधिकृत परदेशी नाविक तळ आहे आफ्रिकेतल्या जिबूतीत, २०१७ पासून, अमेरिकी तळापासून हाकेच्या अंतरावर. कंबोडियातल्या रीम या नौदल तळावर चिनी पैशातून नवा धक्का झालाय. काळजी करायचीच, तर नजर तिकडे हवी.