महमूदाबाद इस्टेट

महमूदाबाद इस्टेट ही उत्तर प्रदेशात सीतापूर जिल्ह्यातली जुनी वंशपरंपरागत तालुकदारी, आणि अवधच्या, म्हणजे लखनौभोवतालच्या प्रदेशाच्या, मोठ्या तालुकदाऱ्यांत तिची गणती व्हायची. तालुकदार म्हणजे गावागावांचा सारा वसूल करून वर भरणारा आणि मधला वाटा स्वतः ठेवणारा, थोडक्यात आपल्याकडच्या देशमुखासारखा पण थाट राजाचा.

१८५७ च्या उठावात इथले राजा नवाब अली खान यांनी लखनौत उठावाचं नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महल यांची बाजू घेतली. मार्च १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने जवळपास सगळ्या अवधची जमीन जप्त केल्याचं जाहीर केलं, पण गावं सांभाळायला तालुकदारच लागणार हे लक्षात आल्यावर शरण येणाऱ्यांना सनदा देऊन जमिनी परत दिल्या आणि १८६९ च्या कायद्याने त्यांचे हक्क अजून पक्के झाले, म्हणजे बंड करूनसुद्धा हा वर्ग शेवटी फायद्यातच राहिला!

पुढे राजा अमीर अहमद खान मुस्लिम लीगचे खजिनदार झाले, जीनांच्या अगदी जवळचे. फाळणीनंतर मात्र ते इराकला गेले आणि १९५७ मध्ये त्यांनी पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. बायको आणि मुलगा भारतातच, भारतीय नागरिक म्हणून. शेतजमीन तर आधीच १९५२ च्या जमीनदारी निर्मूलनात गेली होती, उरलं होतं ते महमूदाबादचा किल्ला, लखनौमधला बटलर पॅलेस, हजरतगंजमधल्या इमारती, नैनितालचं मेट्रोपोल हॉटेल वगैरे. १९६५ च्या युद्धात सरकारने हे सगळं ‘शत्रू मालमत्ता’, म्हणजे शत्रू देशाच्या नागरिकाची मालमत्ता, म्हणून ताब्यात घेतलं.

राजा १९७३ मध्ये लंडनला वारले आणि मुलगा मोहम्मद अमीर मोहम्मद खान, ज्यांना सगळे सुलेमान मियाँ म्हणायचे, त्यांनी वारस म्हणून दावा लावला. गंमत बघा, हेच ‘शत्रूचे’ वारस मधल्या काळात काँग्रेसचे आमदार होते! २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय नागरिक असलेला वारस शत्रू ठरत नाही, मालमत्ता परत करा. काही ताबे मिळालेसुद्धा, पण २०१० मध्ये हा निकाल निष्प्रभ करणारा वटहुकूम आला, मग २०१६ मध्ये परत एक, तो पुन्हापुन्हा काढत शेवटी २०१७ चा दुरुस्ती कायदा झाला. त्यात ‘शत्रू’च्या व्याख्येतच त्याचा भारतीय वारस घातला आणि तेही १९६८ चा मूळ शत्रू मालमत्ता कायदा लागू झाला तेव्हापासून, त्यामुळे जिंकलेल्या केसचा काही उपयोगच राहिला नाही. याला कोर्टात आव्हान देणारे सुलेमान मियाँ २०२३ मध्ये वारले.