चयापचयी लक्षणसमूह : रक्तप्रवाहातील बिघाड व हृद्रोगाचा धोका

पोटाभोवती साचलेला मेद, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटीच्या रक्तशर्करेतील वाढ, रक्तातील ट्रायग्लिसराइडांचे जास्त प्रमाण आणि एचडीएल (संरक्षक मानलेल्या) कोलेस्टेरॉलाचे कमी प्रमाण हे पाच दोष एकाच व्यक्तीत निव्वळ योगायोगाने एकत्र यावेत त्याहून बऱ्याच अधिक वेळा एकत्र आढळतात. या समूहास चयापचयी लक्षणसमूह (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात. २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून मान्य केलेल्या निकषांनुसार पाचांपैकी कोणतेही तीन दोष असल्यास हे निदान केले जाते. रक्तदाब १३०/८५ मिमी. किंवा त्याहून अधिक, उपाशीपोटीची शर्करा १०० मिग्रॅ., ट्रायग्लिसराइडे १५० मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक, आणि एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिग्रॅ. पेक्षा कमी, या त्यातील मर्यादा होत (मिग्रॅ.ची प्रमाणे दर डेसिलिटर रक्तद्रवास). पोटाच्या घेराची मर्यादा मात्र वंशपरत्वे बदलते. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ती ९० सेंमी. व स्त्रियांसाठी ८० सेंमी. मानतात. हा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजायचा असतो; पँटच्या कमरेचे माप पोटाच्या खाली घेतलेले असल्याने ते येथे उपयोगाचे नाही.

कल्पनेचा जनक कोण याविषयी मतभेद आहेत. काही इटालियन लेखक तिचे मूळ अठराव्या शतकातील मोर्गान्यी यांच्या शवविच्छेदनांच्या नोंदींपर्यंत नेतात. तथापि रक्तदाब मोजण्याचे साधन नसलेल्या काळातील वर्णनांवर आजची संज्ञा लादणे धाडसाचे ठरेल. स्पेनमधील मारान्यॉन यांनी १९२२ च्या सुमारास रक्तदाब व मधुमेह यांचा संबंध दाखविला, तर स्वीडनमधील क्यूलिन यांनी १९२३ मध्ये उच्च रक्तदाब, रक्तशर्करावाढ आणि यूरिक अम्लाचे आधिक्य यांचे एकत्रित वर्णन केले. सामान्यतः क्यूलिन यांनाच अग्रमान दिला जातो व तो अधिक सयुक्तिक दिसतो. मेद शरीरात किती आहे याइतकेच तो कोठे आहे हे महत्त्वाचे, हा विचार मात्र मार्सेय येथील झां व्हाग यांचा (१९४७). अमेरिकन वैद्य जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मधील बँटिंग व्याख्यानात इन्शुलिनाला शरीराचा प्रतिसाद कमी होणे, म्हणजे इन्शुलिन-रोध, हे या सर्वांचे समान मूळ मानले आणि समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. लठ्ठपणाचा समावेश त्यांनी त्यात केला नव्हता, हे आज अनेकदा विसरले जाते. या नावाने गोंधळही झाला, कारण हृद्रोगतज्ज्ञ १९७३ पासून तेच नाव वेगळ्या अर्थाने वापरत होते : छातीत हृद्‌शूल होतो, पण अँजिओग्राफीत मोठ्या हृद्रोहिण्या मोकळ्या दिसतात, अशा रुग्णांसाठी. या दुसऱ्या गटातील काही रुग्णांतही पुढे इन्शुलिन-रोध आढळला, तेव्हा दोन नावांची गाठ केवळ अपघाताने पडली नसावी असे म्हणण्यास जागा आहे.

रक्तप्रवाहातील बिघाड : इन्शुलिनाचे काम शर्करा पेशींत पोहोचविण्यापुरते आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ते रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावरही कार्य करते. अंतःस्तराच्या पेशी वाहिनी शिथिल करणारे द्रव्य स्रवतात हे फर्चगॉट व झवाद्झ्की यांनी १९८० मध्ये दाखविले. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे सिद्ध झाले. जेवणानंतर वाढलेले इन्शुलिन या मार्गाने स्नायूंतील रोहिणिका (सूक्ष्म रोहिण्या) रुंद करते व अधिक केशवाहिन्या उघडते, त्यामुळे शर्करा स्नायूंपर्यंत पोहोचणे सोपे होते. इन्शुलिन-रोधात हा मार्ग मंदावतो. परंतु इन्शुलिनाचा दुसरा मार्ग, ज्याने एंडोथेलिन हे वाहिनी आकुंचित करणारे द्रव्य तयार होते, तो बव्हंशी अबाधित राहतो. रोधाची भरपाई म्हणून स्वादुपिंड जितके जास्त इन्शुलिन स्रवते, तितके पारडे आकुंचनाकडे झुकते. रोध असा निवडक असतो, ही या विषयातील कळीची बाब होय.

आकुंचनाचा परिणाम किती होतो हे प्वाझय यांच्या नियमावरून समजते. अरुंद नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने त्रिज्या निम्मी झाल्यास, इतर बाबी तशाच राहिल्या तर, प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. रक्त हा साधा द्रव नाही व वाहिनी ही ताठ नळी नाही, म्हणून हा हिशेब ढोबळच मानावा लागतो. याखेरीज रक्त गोठण्यास लागणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढून रक्त अधिक दाट होते, तर पीएआय-१ हे प्रथिन वाढल्याने एकदा झालेली गुठळी विरघळण्यास वेळ लागतो. उदरातील मेदपेशींतून मुक्त होणारी वसाम्ले व शोथजनक (दाह निर्माण करणारी) द्रव्ये अंतःस्तराचे नुकसान वाढवितात.

अंतःस्तराची क्षमता बाहेरून अजमावता येते. दंडावर किंवा पुढल्या हातावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून सुमारे पाच मिनिटे प्रवाह थांबवितात. पट्टा सोडताच रक्त वेगाने धावते आणि निरोगी रोहिणी त्या वेगाला प्रतिसाद देऊन रुंदावते. ती किती रुंदावली हे श्राव्यातीत तरंगांनी, म्हणजे सोनोग्राफीने, मोजतात. १९९२ पासून प्रचलित झालेल्या या चाचणीत चयापचयी दोष असणाऱ्यांचा प्रतिसाद, रोहिणीत कोठेही अडथळा दिसत नसतानाही, कमी भरतो.

हृद्रोगाचा धोका : २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८७ अभ्यासांतील साडेनऊ लाखांहून अधिक व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात हा लक्षणसमूह असणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे २.३५ पट, तर कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १.५८ पट आढळला. हे आकडे सर्वमान्य आहेत. वाद आहे तो त्यांच्या अर्थाविषयी. २००५ मध्ये अमेरिकन व युरोपीय मधुमेह संघटनांनी संयुक्त निवेदनात असा आक्षेप घेतला की, समूहाचा धोका त्यातील घटकांच्या धोक्याच्या बेरजेहून अधिक असल्याचे दिसत नाही. शिवाय वय, धूम्रपान व एलडीएल (अपायकारक मानलेले कोलेस्टेरॉल) या मोठ्या कारणांचा निकषांत समावेशच नाही. स्वतः रीव्हन यांनीही पुढे या निदानाच्या गरजेबद्दल शंका घेतली. रक्तप्रवाहातील बिघाडाचा पुरावा निदानाच्या चौकटीपेक्षा अधिक भक्कम आहे, असे म्हणता येईल.

भारतीयांच्या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य महत्त्वाचे आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालके वजनाने लहान (सरासरी सुमारे २.७ किग्रॅ.), स्नायूंनी कृश, पण त्वचेखालील मेदाने तुलनेने भरलेली आढळली. लंडनचे यडकिन व याज्ञिक यांचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र हीच गोष्ट प्रौढांत दाखविते. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, परंतु शरीरातील मेद यडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. बारीक दिसणाऱ्या भारतीयांत हे दोष का आढळतात याचे याहून बोलके उदाहरण नाही. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी सुमारे ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे इंटरहार्ट या अनेक देशांतील अभ्यासातून दिसले.

उपचार : संपूर्ण समूहावर एकच औषध नाही, रक्तदाब, शर्करा व मेद यांवर स्वतंत्र उपचार करतात. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध चाचणीत आहार व व्यायाम यांच्या कार्यक्रमाने हा लक्षणसमूह नव्याने उद्भवण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले (२००५). २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत अशाच कार्यक्रमाने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची भर घातल्याने त्यात विशेष फरक पडला नाही.